लिओकादिओ काकांच्या पुढे कोण आहे

लिओकादिओ काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि उत्तम झालं. आता त्यांना दवाखान्याच्या पायरीवर बसून चर्चच्या मनोऱ्यावरच्या करकोच्याच्या घरट्यातली काडी न काडी दिसते.

ही दोन वाक्यं विसरा. प्रादेशिक आरोग्य सेवेच्या मते असं ऑपरेशन झालेलंच नाही, आणि मी त्यांचीच नोकर असल्यामुळे, निदान सोमवार ते शुक्रवार असल्यामुळे, मलाही तसंच धरून चालावं लागतं. तर, ऑपरेशन झालेलं नाही. काकांना दिसत नाही. इथून सुरू करू.

मी ओब्दुलिया, वाल्देकार्दोस गावच्या दवाखान्यातली नर्स. दर शुक्रवारी दुपारी मला कामावरून काढतात आणि सोमवारी सकाळी परत घेतात. मधल्या दोन दिवसांचा पगार वाचतो. सोमवारी मोबाईलवर संदेश येतो, 'आमच्या परिवारात आपलं स्वागत असो.' एवढं स्वागत आमच्या ग्रामदेवतेचं, संत ब्लासचंही होत नाही, आणि त्यांची तर वर्षातून एकदा वाजतगाजत मिरवणूक निघते. कायम नोकरीच्या यादीत माझं नाव आहे. ती यादी हलते, असं ऐकून आहे. मी ज्या टोकाला आहे तिथपर्यंत अजून धक्का पोचलेला नाही.

दर जानेवारीत आमच्या प्रदेशाच्या आरोग्यमंत्रीबाई टीव्हीवर येऊन सांगतात, की यंदा आरोग्यावर इतिहासातला सर्वांत मोठा खर्च होणार आहे. हे खरं असतं. दर वर्षी खरं असतं. तो खर्च आमच्या दवाखान्यापर्यंतही आला: प्रतीक्षा-खोलीच्या भिंतीवर नंबर दाखवणारा मोठा पडदा बसला. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, कारण ते आणखी चार गावांत वाटलेले आहेत. पडदा रोज असतो.

त्या पडद्याकडे गावातलं कुणी बघत नाही. ज्यांना बघायचंय त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे आमची रांग भिंतीवर नसते, ती डोक्यात असते. कुठेही जा, दवाखान्यात, खाटकाकडे, बँकेत, दार ढकलून आत आलात की विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी म्हणतं, "मी." झालं. आता तुम्ही त्याच्या मागे, आणि पुढचा येणारा तुमच्या मागे. मग बसा, उभे राहा, बाहेर जाऊन कॉफी पिऊन या, घरी जाऊन डाळ चुलीवर ठेवून या. तुमचा नंबर कुणी घेत नाही. निघून जायचं असेल तर मात्र मागच्याला सांगून, नंबर देऊन जायचं. न सांगता निघून जाणारा माणूस आमच्याकडे चोरापेक्षा वाईट, कारण चोर फक्त एका घराचं नुकसान करतो.

लिओकादिओ काका माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या गावात केस पांढरे झाले की माणूस सगळ्यांचाच काका होतो. त्यांचं आयुष्य बाटल्यांच्या बुचांसाठी झाडांची साल सोलण्यात गेलं. आता ते गाडी चालवतात. तालुक्याला जाणारी बस बंद झाल्यापासून गावातल्या म्हाताऱ्यांना हॉस्पिटलला, औषधाच्या दुकानात, मुलीच्या घरी न्यायला काकांची जुनी पत्र्याची गाडी आहे आणि दुसरं काही नाही. लोक तिला 'चार डबे' म्हणतात. चारपैकी किती डबे शिल्लक आहेत यावर मतभेद आहेत.

काकांचं लायसन्स नोव्हेंबरच्या शेवटी, संत आंद्रेसच्या दिवशी संपणार होतं. नवं करायचं तर डोळे तपासून घ्यावे लागतात. मोतीबिंदू निघाला नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर गावातल्या कुणालाच कुठलाही मोतीबिंदू दाखवायला तालुक्याला जाता येणार नाही. हे मी आरोग्य सेवेला पत्राने कळवलं होतं. त्यांनी पत्र मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टर बेर्रुएसो गावात येऊन एका सकाळी सगळ्यांचे डोळे तपासून गेल्या होत्या. पहिला नंबर एलिओदोरा काकूंचा. त्यांच्या मागे फुल्हेन्सिओ काका, त्यांच्या मागे विसी काकू, विसी काकूंच्या मागे लिओकादिओ काका, आणि मग बाकीचं गाव. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला क्रमाने बोलावतील."

क्रमाने म्हणजे कुठल्या क्रमाने, हे त्यांनी सांगितलं नाही. गावालाही विचारावंसं वाटलं नाही. क्रम तर सगळ्यांना ठाऊकच होता.

ऑक्टोबरमध्ये मंत्रीबाईंनी प्रतीक्षायादीवर 'धडक मोहीम' जाहीर केली आणि एका सकाळी काकांचा फोन वाजला. मी तेव्हा त्यांचा रक्तदाब बघत होते. बटण दिसेना म्हणून त्यांनी हाताला लागतील ती सगळी बटणं दाबली, त्यामुळे बोलणं अख्ख्या दवाखान्याला ऐकू येत होतं.

"लिओकादिओ मोगोयॉन यांच्याशी बोलतेय का?"

"बोलताय खरं. पण तुम्ही कुणाच्या?"

"मी प्रतीक्षायादी केंद्रातून बोलतेय. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आलीय. येत्या बुधवारी."

मी रक्तदाबाचा पट्टा सोडून हवेत मूठ उगारली. काकांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"पोरी, माझ्या पुढे विसी आहे. तिचं झालं का?"

"दुसऱ्या पेशंटची माहिती मला देता येत नाही."

"मग मी देतो. तिचं झालेलं नाही. सकाळीच तिने मला पाववाला समजून दोन पाव मागितले."

"म्हणजे तुम्ही ही तारीख नाकारताय?"

"नाकारत कशाला? मी विसीच्या मागे आहे, एवढंच म्हणतोय."

"'मागे आहे' असा पर्याय माझ्यासमोर नाही हो. 'हो' आहे आणि 'नको' आहे."

"मग आधी तिला विचारा आणि मला नंतर सांगा. मी कुठे पळून जात नाही. मला दारसुद्धा नीट दिसत नाही."

मी फोन हिसकावून घेतला, पण तोवर पलीकडून "धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो" झालं होतं.

"काका, 'हो' म्हणायचं होतं."

"आणि विसीला काय तोंड दाखवू?"

"तिला तुमचं तोंड दिसत नाही."

"बरं झाल्यावर दिसेल ना," काका म्हणाले. "तेव्हा काय करू?"



मी धावत विसी काकूंकडे गेले. त्या फोन ठेवत होत्या. "केंद्रातली मुलगी होती," त्या म्हणाल्या, "गोड बोलते, पण पत्ता नाही तिला कशाचा. मी म्हटलं, बाई गं, मी फुल्हेन्सिओच्या मागे." फुल्हेन्सिओ काकांनी सांगितलं, की ते एलिओदोरा काकूंच्या मागे. आणि एलिओदोरा काकू ईस्टरच्या आधीच वारल्या होत्या.

इथे सगळं अडलं. एलिओदोरा काकू गेल्या त्या झोपेत गेल्या, नंबर कुणाला न देता गेल्या. फुल्हेन्सिओ काकांच्या मते याचा अर्थ त्या अजून रांगेत होत्या.

"काका, त्या आता यायच्या नाहीत."

"हे तू सांगतेस," फुल्हेन्सिओ काका म्हणाले. "तिने मला सांगितलेलं नाही."

आठवडाभरात केंद्राने गावातल्या प्रत्येकाला फोन केला आणि गावातल्या प्रत्येकाने अत्यंत सभ्यपणे सांगितलं, की आपण अमक्याच्या मागे आहोत. पलीकडे प्रत्येक वेळी 'नको' दाबलं गेलं. एलिओदोरा काकूंनाही फोन गेला. त्यांनी उचलला नाही, म्हणून त्यांच्यापुढे 'प्रतिसाद नाही' अशी नोंद झाली. संपूर्ण मोहिमेत खरी निघालेली नोंद तेवढी एकच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीव्हीवर बातमी आली. आमच्या भागात डोळ्यांच्या ऑपरेशनची प्रतीक्षायादी शून्यावर आली होती. मागे आलेख होता. खर्चाची रेघ वर जात होती, यादीची रेघ खाली जात होती, आणि एक तिसरी रेघ होती, कर्मचाऱ्यांची. ती मंत्रीबाईंच्या खांद्याआड गेली होती. त्यांनी खांदा हलवला नाही.

मी केंद्राला फोन लावला. संगीत ऐकलं. मग तीच मुलगी आली.

"सगळे तयार आहेत," मी म्हटलं, "फक्त त्यांना क्रमाने बोलवा. मी क्रम सांगते. लिहून घ्या."

"ते आता यादीत नाहीत. त्यांनी स्वेच्छेने नकार दिलाय."

"त्यांनी स्वेच्छेने दुसऱ्याला पुढे जाऊ दिलंय."

"त्यासाठी माझ्याकडे बटण नाही."

"बरं. परत यादीत घालायचं तर काय करावं लागेल?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्याने तपासायला हवं."

"मग पाठवा त्यांना."

"तुमच्या भागात डोळ्यांचे पेशंटच नाहीत, म्हणून डॉक्टर बेर्रुएसोंची जागा पुढच्या महिन्यात दुसरीकडे हलवताहेत. शून्य पेशंटसाठी डॉक्टर ठेवणं म्हणजे पैशांची उधळपट्टी नाही का?"

"आणि पेशंट झाले तर?"

"तर तुम्ही अर्ज करा, आम्ही जागा भरू. पण पेशंट झालेत हे डॉक्टरांनी तपासून सांगायला हवं."

मी फोन ठेवला. मग उचलला आणि परत ठेवला, कारण पहिल्यांदा पुरेसा जोरात ठेवला गेला नव्हता.

यादी शून्य झाल्याच्या आनंदात तालुक्याच्या हॉस्पिटलात डोळ्यांचं नवं ऑपरेशन थिएटर उघडायचं ठरलं. मंत्रीबाई येणार, कॅमेरे येणार. फोटोत नर्स हवी म्हणून मला सकाळी नऊ ते बाराचं कंत्राट मिळालं. स्वागताचा संदेशही आला. आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. काळजीने त्यांचा चेहरा ओल्या टॉवेलसारखा झाला होता.

"ओब्दुलिया, टेबलावर झोपायला कुणीतरी हवंय. नुसतं झोपायचं, फोटोपुरतं. पेशंटसारखा दिसणारा एखादा माणूस मिळेल का?"

"पेशंटच चालेल का?"

"पेशंट कुठून आणणार? यादीत एकही नाही."

दुसऱ्या दिवशी काका आले. स्वतः गाडी चालवत आले. शेजारी विसी काकू बसून रस्ता सांगत होत्या. काकूंचा उजवा डोळा बरा आणि काकांचा डावा, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यानुसार पुढच्या सीटवर एक धडधाकट माणूस बसला होता. वाटेत दोघांनी एका मेंढ्यांच्या कळपाला ट्रॅक्टर समजून रस्ता दिला. मेंढ्यांनी आभार मानले असावेत.

थिएटरबाहेर मंत्रीबाईंचे लोक उभे होते. काकांनी दार ढकललं आणि सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?" माद्रिदहून आलेल्या सल्लागाराला वाटलं राजकारणातलं काही विचारताहेत. तो आतल्या खोलीत निघून गेला.

काकांना टेबलावर झोपवलं. डॉक्टर बेर्रुएसो हात धुऊन उभ्या होत्या. त्या आरागॉनकडच्या. तिकडचे लोक शब्द उगाच खर्च करत नाहीत, आणि या बाईंनी तर आयुष्यभर बचतच केलेली. कॅमेऱ्यांसाठी म्हणून त्यांनी काकांचा डोळा यंत्रावर मोजला. मग पुन्हा मोजला. उद्घाटनाला शोभा म्हणून मांडलेल्या खोक्यातून डोळ्यात बसवायचं एक भिंग निवडलं आणि दिव्याकडे धरून पाहिलं.

दाराशी मंत्रीबाई मास्क लावून कॅमेऱ्याला सांगत होत्या, "आज या भागात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी एकही माणूस, मी पुन्हा सांगते, एकही माणूस वाट बघत नाही."

डॉक्टरबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "यंत्र आहे. दिवे आहेत. नर्स आहे. पेशंट आहे. चारही एका खोलीत, एका वेळी. माझ्या सगळ्या नोकरीत मी हे पाहिलेलं नाही." मग वाकून काकांना म्हणाल्या, "लिओकादिओ, तुम्ही आलाच आहात. करून टाकू का?"

माझं घड्याळ काय सांगत होतं ते मी बघितलं नाही. माझं लक्ष काकांच्या तोंडाकडे होतं.

काकांनी विचारलं, "माझ्या पुढे कोण आहे?"

"कुणी नाही."

"विसी आहे. फुल्हेन्सिओ आहे. एलिओदोरा आहे, देव तिला शांती देवो."

"ऐकलंत ना आत्ता? यादी शून्य आहे. मंत्री स्वतः सांगताहेत."

"शून्य म्हणजे विसीसुद्धा नाही?"

"विसीसुद्धा नाही."

"आणि मी?"

"तुम्हीही नाही."

काकांनी हे मनात उलटंसुलटं करून पाहिलं. रांगच नसेल तर रांग मोडता येत नाही. तरी त्यांनी डोकं उचलून दाराच्या दिशेने हाक मारली. "विसी, तुझी काही हरकत?"

बाहेरून काकूंचा आवाज आला. "मी नाहीच आहे म्हणे. नसलेल्या बाईची कसली हरकत? कर बाबा. पण आठवण ठेव, तुझ्या मागे मी."

"मग घाला भुलीचे थेंब," काका म्हणाले.

ऑपरेशन झालं. माफ करा, झालं नाही. पण जे झालं नाही ते न होताही फार सुरेख झालं. डॉक्टरबाईंचा हात त्यांच्या बोलण्यासारखाच चालत होता, उगाच काहीही खर्च न करता. मंत्रीबाई काचेआडून बघत होत्या आणि मध्येमध्ये मान डोलावत होत्या. शेवटी आत येऊन त्यांनी काकांशी हात मिळवला. "किती हुबेहूब केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या, "मला क्षणभर खरंच वाटलं."

"मलापण," काका म्हणाले.

नोंद करताना खरा गोंधळ सुरू झाला. संगणक म्हणाला, हा पेशंट यादीत नाही, यादीत नसलेल्याचं ऑपरेशन नोंदवता येत नाही. यादीत घातला तर यादी शून्य राहत नाही. व्यवस्थापकांनी खुर्चीत बसून घेतलं. "पुढच्या तिमाहीत बघू," ते म्हणाले, "आत्ताच टीव्हीवर सांगितलंय हो." त्यात माझं कंत्राट बारा वाजता संपलं होतं आणि टाके, म्हणजे जे घातले गेले नाहीत ते, बारानंतरचे. तेव्हा नर्सही हजर नव्हती. डॉक्टर बेर्रुएसोंना पुढच्याच आठवड्यात पोर्तुगालच्या सीमेजवळ बदलीवर पाठवलं. तिथे यादी लांब आहे असं कळतं, त्यामुळे त्या जायला काही नाराज नव्हत्या. जाताना मला म्हणाल्या, "डोळा छान आहे. कुणाला सांगू नकोस." आरागॉनच्या मानाने हे भाषण होतं.

ऑपरेशनच्या दिवशी परतताना गाडी मीच चालवली. काका डोळ्यावरच्या पारदर्शक झाकणातून खिडकीबाहेर बघत एकेक गोष्ट वाचत होते: किलोमीटरचे दगड, डुकराच्या मांसाची जाहिरात, कुणाच्या तरी कुंपणावरचा 'विकणे आहे'. विसी काकू मागे बसून प्रत्येक वेळी "खरं?" म्हणत होत्या.

मग काका लायसन्सच्या तपासणीला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तक्ता दाखवला. काकांनी तक्ता वाचला. खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं. डॉक्टर खूश झाले आणि मग त्यांनी संगणक उघडला.

"इथे लिहिलंय, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनला स्वेच्छेने नकार."

"पण मला दिसतंय."

"दिसतंय हे मलाही दिसतंय. पण मोतीबिंदू गेला कुठे? ऑपरेशन झालं असेल तर हॉस्पिटलचा अहवाल आणा."

"हॉस्पिटल म्हणतं, ऑपरेशन झालं नाही."

"मग मोतीबिंदू आहे."

"मग मला दिसायला नको."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच लायसन्स देता येत नाही."

संत आंद्रेसचा दिवस आला आणि गेला. 'चार डबे' गोठ्यात उभी आहे. मी तिसऱ्यांदा हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी मला कॉफी पाजली आणि अहवालाऐवजी उद्घाटनाचा फोटो दिला, चौकटीत घालून. त्यात काका झोपलेले आहेत, डॉक्टरबाई वाकलेल्या आहेत. मी फोटोच्या कडेला आहे, फक्त कोपर. तो फोटो मी लायसन्सच्या कार्यालयात दाखवला. ते म्हणाले, चांगला आलाय.

विसी काकूंनी विचारलं, आता पुढे काय. मी म्हटलं, अर्ज. काकू म्हणाल्या, "अर्जच कर. तुझी तरी अक्षराची सवय राहील." मग टेबलाच्या एका बाजूला काका आणि दुसऱ्या बाजूला काकू बसल्या, आणि मी पुढील मजकूर लिहून आरोग्य सेवेच्या मुख्य कार्यालयात रीतसर दाखल केला:

'मा. संचालक, प्रादेशिक आरोग्य सेवा, यांस. अर्जदार लिओकादिओ मोगोयॉन, राहणार वाल्देकार्दोस, नम्रपणे कळवतो, की आपल्या अभिलेखानुसार त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असून प्रत्यक्षात तो आढळत नाही. अभिलेखात दुरुस्ती करणे शक्य नसल्याचे आपण यापूर्वीच कळवले आहे व त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. सबब, अर्जदाराच्या डोळ्यात आपल्या नोंदीशी जुळेल असा मोतीबिंदू, शक्यतो मूळचाच व तो उपलब्ध नसल्यास त्याच दर्जाचा दुसरा, आपल्या सोयीच्या दिवशी पूर्ववत बसवून मिळावा, जेणेकरून अर्जदारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासण्यास, डॉक्टरांची जागा या भागात पुन्हा भरण्यास, व सदर मोतीबिंदू यथावकाश काढून टाकण्यास कोणतीही प्रशासकीय अडचण राहणार नाही. मोतीबिंदू बसवून झाल्यावर अर्जदारास दिसणार नसल्यामुळे, त्यास घरी सोडण्यासाठी आपल्या कार्यालयाचे वाहन चालकासह उपलब्ध करून द्यावे, ही विनंती.'